मदत हवी आहे : चर्च सुटत चाललंय, पण एकत्र प्रार्थना हवी आहे

नमस्कार मंडळी. मी वसईची, कॅथलिक घरातली. मिस्साला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) अजून जाते, पण श्रद्धा बोलून दाखवायची वेळ आली की ओठ मिटलेलेच राहतात. कुणावर राग नाही, विश्वासच उरला नाही. चार जणांसोबत गाण्याची, गुडघे टेकून शांत बसण्याची ओढ मात्र तशीच आहे.

इगतपुरीचं १० दिवसांचं विपश्यना शिबिर माहीत आहे, पण तिथे मौन. मला दर आठवड्याला भेटणारी माणसं हवीत. १८६७ साली मुंबईत सुरू झालेल्या प्रार्थना समाजात तुकोबांचे अभंग गायले जात. समाजाच्या गिरगावातल्या मंदिरात आजही उपासना होते का? नवख्या माणसाला बसू देतात का?

आई रोज संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणते. तिला हे कसं सांगावं, यातून गेलेल्यांनी जरूर लिहा.