कॉफीत लिंबू पिळा म्हणणाऱ्यांनी आधी दातांचं बघावं

दातांचा डॉक्टर, लातूर: "सकाळी उपाशीपोटी काळ्या कॉफीत अर्धं लिंबू पिळा, चरबी वितळते", ही पोस्ट वाचून राहवलं नाही. चरबी वितळत नाही, दाताचं कवच विरघळतं. सामू म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त; तो 5.5 च्या खाली गेला की कवच विरघळायला लागतं. नुसती काळी कॉफी 5 च्या आसपास असते, लिंबाने ती 3 च्या घरात जाते. वर लोक लगेच ब्रश करतात. मऊ पडलेलं कवच तिथंच घासून निघतं. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा तास थांबा, मग ब्रश.

मोंढा, परभणी: लिंबू सोडा हो. इथं दिवसाला आठ कप गोड चहा रिचवतात, त्याबद्दल चकार शब्द नाही! दात साखरेने किडतात.

दातांचा डॉक्टर: कीड वेगळी, झीज वेगळी. साखर खाऊन जंतू आम्ल करतात, ती कीड. पेयातलंच आम्ल कवच खातं, ती झीज. पण एक कप तासभर घोट घोट पिणं दोन्हीला वाईट, एवढं तुमचं मान्य.

किनवटकर: आमच्याकडं पोरांचे दात तपकिरी, ते काय कॉफीनं? बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड आहे ते! लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की झालं. त्यावर कुणी लिहीत नाही.

मोंढा, परभणी: मग पाणी उकळून प्या की.

किनवटकर: कायला चुकीचं सांगता राव! उकळून पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाट होतं. आरओ लावा, नाहीतर पावसाचं पाणी साठवा. आणि डाग ओळखा: कॉफीचा डाग वरवरचा, दात साफ करून घेतले की जातो. फ्लोराइडचा लहानपणी दात घडतानाच आत बसतो, घासून जात नाही.

कॉफीवाला, संभाजीनगर: त्याच जड पाण्यातला बायकार्बोनेट नावाचा क्षार कॉफीचं आम्ल मारतो. म्हणून बोअरच्या पाण्यातली कॉफी सपक लागते. छातीत जळजळ होणाऱ्यांनी जास्त भाजलेली बी घ्यावी, भाजताना बीतलं क्लोरोजेनिक आम्ल मोडतं.

दातांचा डॉक्टर: भाजणीचं बरोबर. पण जळजळ नुसत्या आम्लाची नसते. कॅफीन अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करतं, जठरात आम्लही वाढवतं. म्हणून कपात खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, टाकून भागत नाही. उलट रक्तदाबवाल्यांच्या पोटात सोडियम जातं.

मोंढा, परभणी: बरं, लिंबू बंद. दुधाची चालेल का तेवढं सांगा.

दातांचा डॉक्टर: चालेल. दुधाचा सामू 6.6 च्या आसपास, त्याने कॉफीचा आंबटपणा उतरतो. साखर मात्र निम्मी करा, आणि खाल्ल्यावर प्या.