मदत हवी आहे: कंपार्टमेंट प्रेशर मोजायला रेसिडेंटना शिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी. इथे ऑर्थो आणि भूलतज्ज्ञ बरेच आहेत, म्हणून विचारतोय. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात ऑर्थोपेडिक्स शिकवतो. कंपार्टमेंट म्हणजे फॅशियाच्या (ताठ आवरणाच्या) आतला स्नायूंचा कप्पा; त्यात प्रेशर वाढून रक्तपुरवठा अडला की तो कंपार्टमेंट सिंड्रोम.

टिबियाचं (नडगीच्या हाडाचं) फ्रॅक्चर, पोटरी दगडासारखी, पेशंट शुद्धीवर आणि बोटं ताणली की कळवळतोय, तर या सिंड्रोमच्या निदानाला प्रेशर मोजायची सुई लागत नाही. पण डोक्याला मार लागलेला, व्हेंटिलेटरवरचा पेशंट असला की आकडा लागतोच. आणि मध्यरात्री तो आकडा काढणारा बहुतेक जेआर (ज्युनियर रेसिडेंट) असतो.

तयार यंत्र आमच्याकडे नाही, आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर (धमनीतलं बीपी मॉनिटरवर दाखवणारा सेन्सर) सुईला जोडून वापरतो. पद्धत चांगली आहे, पण एकाच पायावर दोघांनी मोजलं की आकडे जुळत नाहीत. ट्रान्सड्यूसर सुईच्या टोकाच्या पातळीत हवा. पोरं सवयीने तो स्टँडवर जिथे लटकतोय तिथेच झीरो करतात (शून्यावर लावतात). तो १० सेंमी खाली राहिला तर रीडिंग साधारण ७ मिमीने (पाऱ्याच्या) जास्त येतं. डायस्टोलिक (बीपीचा खालचा आकडा) ७० आणि कंपार्टमेंटचं खरं प्रेशर ३७ असेल तर दोन्हींतला फरक ३३, म्हणजे लक्ष ठेवून थांबता येतं. मॉनिटरवर ४४ दिसलं की फरक २६, आणि ३० च्या खाली म्हणून फॅशिओटॉमीची (फॅशिया कापून कप्पा मोकळा करायची) तयारी सुरू. ट्रान्सड्यूसर वर राहिला तर उलटं, आणि ते जास्त भयंकर, कारण मग पाय वाचवायची वेळ निघून जाते.

बाकीच्या गोष्टीही आहेतच. साधी सुई साइड-पोर्ट (बाजूला छिद्र असलेल्या) सुईपेक्षा जास्त आकडा दाखवते. फ्रॅक्चरपासून ५ सेंमीच्या आत मोजायला हवं, कारण सर्वांत जास्त प्रेशर तिथेच सापडतं. डीप पोस्टीरियर (पोटरीतला मागचा खोल कप्पा) तर बरेचदा मोजायचंच राहतं. भूल दिल्यावर डायस्टोलिक पडतं, तेव्हा फरक आधीच्या डायस्टोलिकवरून काढायचा, हेही वारंवार सांगावं लागतं.

सरावासाठी सध्या एक जुगाड केलाय. सलाइनची बॅग प्रेशर इन्फ्युजरच्या कफमध्ये घालायची, कफ ठरावीक आकड्यापर्यंत फुगवायचा, डायल झाकायचा आणि रेसिडेंटला बॅगेच्या पोर्टमधून मोजायला लावायचं. झीरो आणि पातळीचं शिक्षण यात छान होतं, चूक जागच्या जागी दिसते. पण फॅशिया भेदताना हाताला जाणवणारा तो ‘टच्’ यात नाही आणि कुठल्या कंपार्टमेंटमध्ये शिरलो हेही कळत नाही. ॲनाटॉमीतली फॉर्मलीनची बॉडी फार कडक असते. बकऱ्याच्या तंगडीत सलाइन सोडून पाहिलं, तर कापलेल्या टोकातून आणि प्रत्येक टोचणीतून गळतं, प्रेशर टिकत नाही.

तर विचारायचं असं, की तंगडीत प्रेशर निदान एका रेसिडेंटची पाळी संपेपर्यंत स्थिर ठेवायला कुणी काय केलंय? टोक बांधून सलाइन सतत चालू ठेवायचं, की सलाइनऐवजी दाट काही वापरायचं? आणि परीक्षा घेताना खऱ्या आकड्यापासून किती मिमी फरक चालवून घेता?