'नस' हा शब्द बंद करा, निदान दवाखान्यात तरी

नौपाडेकर:
माझ्या मामांचं बीपी तीन-तीन गोळ्या घेऊनही उतरत नाही. घोडबंदर रोडच्या एका इस्पितळात त्यांना सांगितलं, "किडनीची नस जाळायची, छोटी प्रोसिजर आहे." मामा तडक घरी. "नस जाळली तर किडनीला रक्त कुठून जाणार?" त्यांचं काय चुकलं? त्याच सकाळी रक्त घेणारी मुलगी म्हणाली होती, "आजोबा, नस सापडत नाहीये." सकाळची नस म्हणजे रक्ताची शीर, दुपारची नस म्हणजे मेंदूचे निरोप नेणारा चेतातंतू! जाळतात ते धमनीच्या बाहेरच्या थरात पसरलेले चेतातंतू, धमनीत सरकवलेल्या कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने. धमनी जागच्या जागी राहते. हे कोणी सांगायचं? शाळेत धमनी, शीर, चेता शिकवतात ना? मग वापरा की.

वाशीची_सून:
साफ असहमत. लोकांनी एकच शब्द उगाच नाही ठेवला. डिसेक्शन, म्हणजे शवविच्छेदन, केलेल्या कोणालाही विचारा, हातापायात धमनी, शीर आणि चेता बहुतेक ठिकाणी एकाच जुडीत सापडतात. कारण त्या एकमेकींच्या ओढीने वाढतात. गर्भात आधी धमनी तयार होते, तिच्यावर अनैच्छिक स्नायूंचा थर चढतो आणि मग त्या पेशी एनजीएफसारखी (चेता वाढवणारी) प्रथिनं सोडून अनुकंपी चेतातंतूंना, म्हणजे आपल्या नकळत वाहिन्या आवळणाऱ्या तंतूंना, बोलावतात. तंतूचं टोक चाचपडत तिथवर पोचतं. ज्याला हे प्रथिन मिळालं नाही ती चेतापेशी मरते. एनजीएफच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं. बाईंनी महायुद्धात घरच्या खोलीत कोंबडीच्या गर्भांवर प्रयोग केले होते.

ऐरोली_लोकल:
ताई, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्वचेत उलटं चालतं. २००२मध्ये उंदराच्या गर्भाच्या पायावर दाखवलंय: संवेदी चेता आधी पसरतात आणि धमन्यांच्या फांद्या त्यांच्या मागे जातात. चेता वेड्यावाकड्या गेल्या की धमन्याही तशाच. म्हणजे कुठे घोडबंदरसारखं, आधी टॉवर आणि मागाहून पाण्याची लाइन; कुठे सिडकोसारखं, आधी आखणी.

वाशीची_सून:
सिडकोच्या आखणीचं कौतुक पावसाळ्यात आमच्या सेक्टरला येऊन करा 😄

नौपाडेकर:
तुम्ही दोघं माझीच बाजू मांडताय. बोलावणारा आणि येणारा वेगळे असतील तरच बोलावणं होतं ना? क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८५१च्या सुमारास सशाच्या मानेतली अनुकंपी चेता कापली. त्याला वाटलं होतं कान गार पडेल. झाला लाल आणि गरम! रक्त उलट जास्त वाहायला लागलं, कारण वाहिनी आवळून धरणारा हुकूमच थांबला. नळ वेगळा, चावीवाला वेगळा. चावीवाल्याला घरी पाठवलं म्हणून पाइप फुटत नाही. मामांना एवढंच कळायला हवं होतं.

फिजिओताई:
मी रोज "नस दबली" ऐकते आणि रोज विचारते, "रक्ताची की संवेदनेची?" काम भागतं. "चेता" म्हटलं की पेशंटला वाटतं मी कोणा बाईचं नाव घेतलं. आणि चावीवाला गैरहजर असला की काय होतं ते मधुमेहाच्या पेशंटमध्ये दिसतं. चेतातंतू खराब झालेले असतात, माणूस उठून उभा राहतो, पायातल्या वाहिन्या आवळत नाहीत, रक्त खाली साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी. वाहिनी शाबूत असूनही. म्हणून कधी कधी वाटतं नौपाडेकरांचं बरोबर आहे. पण शब्द बदलून नाही, दोन मिनिटं बसून सांगितलं तर.

ऐरोली_लोकल:
मुळात त्या प्रोसिजरचीही घाई नको. २०१४च्या मोठ्या चाचणीत खोटी प्रोसिजर (काही न जाळता नुसता देखावा) केलेल्यांपेक्षा खास फरक दिसला नव्हता. पुढच्या चाचण्यांनंतर २०२३मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, मान्यता दिली. मामा काय म्हणतात?

नौपाडेकर:
काल तलावपाळीवर चक्कर मारताना त्यांना हे सगळं सांगितलं. स्नायू बोलावतात, तंतू येतात वगैरे. शेंगदाण्याची पुडी संपेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "जाळल्यावरही ते स्नायू हाका मारतच राहणार. मग पुन्हा उगवणार नाहीत का रे ते?"

वाशीची_सून:
मेंढ्यांमध्ये काही महिन्यांनी परत वाढलेले दिसलेत. मामांना हाच प्रश्न डॉक्टरांना विचारायला सांगा. विचारताना "नस" म्हणाले तरी चालेल.