निवासी दिव्यांग संस्थांची तपासणी : गुणवत्ता मोजली जाते की नोंदवह्या?

प्रश्न
बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांच्या एका निवासी संस्थेचे सलग तीन तपासणी अहवाल मी वाचले. तिन्हींत ‘समाधानकारक’ हाच शेरा आहे. औषधांची नोंदवही, अग्निशमन व्यवस्था, कर्मचारीसंख्या यांचा तपशील भरपूर आहे. परंतु तिथे राहणाऱ्या माणसांचा दिवस कसा जातो, याबद्दल एक ओळही नाही. अशा तपासणीतून गुणवत्ता कितपत मोजली जाते, हे कसे पडताळावे?

प्रतिसाद 1
अव्हेडिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये आरोग्यसेवेची गुणवत्ता रचना (साधने व मनुष्यबळ), प्रक्रिया (काम कसे होते) आणि फलित (माणसांवर होणारा परिणाम) अशा तीन अंगांनी पाहण्याची मांडणी केली. आपण सांगितलेल्या बाबी मुख्यतः पहिल्या दोन अंगांतल्या आहेत. फलितासाठी बैठकीच्या खोलीत बसून, ठरावीक अंतराने, प्रत्येक रहिवासी त्या क्षणी काय करतो आहे आणि त्याच्याशी कोणी बोलते आहे का, हे टिपावे लागते. मी असे निरीक्षण केले तेव्हा एक काळजीवाहक उभ्यानेच घास भरवत होती. पुढचा घास हवा का, हे तिने एकदाही विचारले नाही. नोंदवहीत ‘जेवण वेळेवर दिले’ असे होते आणि ते खोटे नव्हते. अशा स्वतंत्र निरीक्षणांशी तपासणीचे शेरे जुळतात का, हीच खरी पडताळणी.

प्रतिसाद 2
त्याआधी तपासनीसांचे आपापसांत जुळते का, ते पाहावे. दोन तपासनीस शंभर संस्थांपैकी प्रत्येकी 90 संस्थांना ‘समाधानकारक’ म्हणत असतील, तर डोळे मिटून शेरे दिले तरी सरासरी 82 ठिकाणी त्यांचे एकमत होईल. त्यामुळे 90 टक्के एकमत ऐकायला भक्कम वाटले तरी योगायोगाने होणारे एकमत वगळून उरलेली जुळणी मोजणारा ‘कोहेनचा कप्पा’ (Cohen's kappa) हा निर्देशांक जेमतेम 0.44 येतो; पूर्ण एकमत असते तर तो 1 आला असता.

प्रतिसाद 3
इंग्लंडमधील विंटरबोर्न व्ह्यू या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या खाजगी रुग्णालयातील छळ 2011 मध्ये गुप्त चित्रीकरणातून उघड झाला. नियामकाच्या तपासण्या त्याआधीही झाल्या होत्या. पूर्वसूचनेशिवाय रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी दिलेली भेट उपयोगी पडते, पण पुरेशी नाही. जे रहिवासी बोलू शकत नाहीत त्यांच्या मुलाखतीच्या रकान्यात ‘प्रतिसाद नाही’ असे लिहून तपासनीस पुढे जातो, आणि सर्वाधिक धोका त्यांनाच असतो.

प्रश्नकर्ता
निरीक्षक समोर बसला की कर्मचारी सावध होणारच, त्याचे काय करावे?

प्रतिसाद 1
पहिला अर्धा तास हिशेबात धरू नये. कर्मचाऱ्यांना उसने वागणे जमते. पण रहिवाशाला सवय नसेल, तर कोणी अचानक प्रेमाने हात पुढे केला की तो दचकतो. तेही टिपून ठेवावे.