इंटरनॅशनल स्टडीजमध्ये एमए केलंय किंवा करून राहिले? विदर्भाच्या गावाकडच्यांनो, आपापला अनुभव टाका

मावसबहिणीच्या पोरीचं बीए झालं, दारव्ह्याला असते, परवा फोनवर म्हणते, "मावशी, मले तुह्यासारखं इंटरनॅशनलचं कराचं हाये." म्हणजे देशादेशांतल्या संबंधांचं एमए. झालं, घरात सभा. तिच्या आजीला वाटलं पासपोर्टचं काम असेल, बापाला वाटलं एअर होस्टेस, अन् मामा म्हणे त्यापरीस बीएड कर. हे सगळं मी 2012 ला ऐकून बसलेली आहे, फक्त तेव्हा मामाच्या जागी काका होता. तर म्हटलं एकटीनं सांगण्यापेक्षा दहा जणांचं तिला वाचायला मिळू दे. अ‍ॅडमिशन कशी झाली, पैसा कुठून आणला, इंग्रजीचं काय केलं, नंतर पोटापाण्याचं काय, जे झालं तेच लिहा, चांगलं-वाईट दोन्ही. क्लासवाल्यांनी लांब राहा. माझं मी शेवटी लिहिते.

कळंबचा कापूस

माझं 2014. बीए मराठी मीडियम. तेव्हा दिल्लीच्या जेएनयूची स्वतःची एन्ट्रन्स होती, लिहायचा पेपर, अन् मागास जिल्ह्यांतल्या मुलांना जादा पॉइंट असायचे, आमच्याकडच्या पोट्ट्यांना तोच एक भरवसा. सेवाग्रामवरून जीटी पकडली, सोबत एक पेटी अन् मायनं दिलेला ठेच्याचा डबा जो आग्र्यापर्यंतच पुरला. फी म्हणाल तर वर्षाची ट्यूशन फी तीन आकडी, मेसचं महिन्याचं बिल त्याच्यापेक्षा मोठं. आमचं स्कूल, म्हणजे इंटरनॅशनल स्टडीजचा विभाग, जेएनयूपेक्षाही जुनं, 1955 ला सप्रू हाऊसमध्ये सुरू झालं अन् 1970 मध्ये जेएनयूत आलं, हे सीनियर लोक इतक्यांदा सांगायचे की पहिल्या महिन्यात मला तेवढंच पाठ होतं.

बाकी सगळं डोक्यावरून. सर पहिल्याच तासाला 'अनार्की' म्हणाले. मी वहीत लिहिलं, अनार्की म्हणजे अराजक म्हणजे दंगे. अन् पहिल्या असाइनमेंटमध्ये चार पानं दंग्यांवरच लिहून काढली. लाल पेनानं परत आली, समासात एकच वाक्य, 'हू इज द पोलीस हिअर?' दोन दिवस समजलंच नाही. मग पेटलं. देशादेशांच्या वर ठाणेदार नाही, तक्रार घेऊन जायला ठाणंच नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, दंगा होवो न होवो. वॉल्ट्झ म्हणून या विषयातला एक मोठा अमेरिकन अभ्यासक, त्याचा वीस पानांचा लेख मी डिक्शनरी घेऊन तीन दिवस वाचत होतो, सगळे शब्द समजायचे अन् वाक्य समजत नव्हतं. दुसऱ्या सेमिस्टरला रूममेटनं सांगितलं आधी शेवटचं पान वाच, तो काय म्हणून राहिला ते पाह्य, मग सुरुवातीला ये. तेव्हापासून गाडी रुळावर.

गावात कोणी मला या विषयातलं काही विचारलं नव्हतं दहा वर्षं. मागच्या ऑगस्टात, म्हणजे 2025 ला, 19 तारखेला कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी काढली, आधी म्हणे 30 सप्टेंबरपर्यंत मग 31 डिसेंबरपर्यंत, अन् 27 तारखेपासून अमेरिकेचा आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ लागला. पोळ्याला गावी होतो तर पानठेल्यावर बसवूनच घेतलं. "तू तं हेच शिकला न बे, आता सांग सरकीसगट का भाव राहीन." भाव मला काय सांगता येणार. पण ड्युटी काढल्यानं सूतगिरणीला काय होते अन् आपल्याला काय होते एवढं सांगितलं. चहाचे पैसे कोणी घेऊ दिले नाही.

वरूडवाला

मी साउथ एशियन युनिव्हर्सिटीतून एमए आयआर (इंटरनॅशनल रिलेशन्स) केलं, 2017 ते 19, तेव्हा दिल्लीत अकबर भवनात भरायची. सार्कच्या आठ देशांची युनिव्हर्सिटी, त्यामुळे वर्गात नेपाळी, अफगाण, लंकेचे, भूतानचे, अन् माझा रूममेट बांगलादेशचा. पहिल्या दिवशी मी सांगितलं आमची संत्र्याची बाग आहे तर तो उठून बसला, "कोमोला? नागपूरची कोमोला?" कोमोला म्हणजे बंगालीत संत्रं. म्हणजे ज्या ट्रकात आमच्या चुलत्याचा माल भरून जायचा तो यांच्या बाजारात उतरत होता अन् मला हे माहीतच नाही. मी 'बॉर्डर ट्रेड' वाचायला दिल्लीला गेलतो.

सिक्युरिटी डायलेमा नावाचा एक प्रकार असतो, अर्धा वर्ग त्याच्यावर अडला. एका देशानं स्वतःच्या बचावासाठी शस्त्रं घेतली की शेजारी घाबरून जास्त घेते, मग पहिला आणखी घाबरते, भांडायचं कोणालाच नसते अन् शेवटी सगळेच जास्त असुरक्षित. सर तोफा-रणगाडे सांगून राहिले. मी म्हटलं सर, बोअर. आमच्याकडं शेजाऱ्यानं 400 फूट मारला म्हणून आपण 600 मारतो, मग तो 900 मारते, दोघंही बागच वाचवून राहिले असतात, अन् आता दोघांच्याही बोअरात फुफाटा. पूर्ण सेमिस्टर मला बोअर म्हणूनच हाक मारत होते (इंग्रजीतही अर्थ निघतो, काय करता).

2023 मध्ये बांगलादेशनं संत्र्यावरची ड्युटी किलोमागं 88 टका (टका म्हणजे त्यांचं चलन) केली. 2019 ला 20 होती. आमचं आंबिया बहाराचं संत्रं रस्त्यावर आलं. मी त्या बांगलादेशी रूममेटला फोन केला, भांडणासाठीच केला खरं तर. तो म्हणे अरे आमच्याकडं डॉलरच नाही, अन् तुझी कोमोला आता आम्ही फक्त दवाखान्यात पेशंटला भेटायला जाताना घेतो. पाच मिनिटांनी त्याच्या पोरीच्या अ‍ॅडमिशनवर बोलत होतो. सध्या मी बागच पाहतो, अन् दोन एक्स्पोर्टवाल्यांची कागदपत्रं करून देतो. डिग्रीचा उपयोग विचारला तर तेवढाच.

नेटग्रस्त

सगळे गोड गोड लिहून राहिले म्हणून. नेट म्हणजे प्रोफेसरकीसाठीची पात्रता परीक्षा, त्यात आपला विषय कोड 90, साधं पॉलिटिकल सायन्स कोड 02. मी 90 मधून नेट काढलं. कॉलेजच्या जाहिरातीत लिहिलेलं असते पॉलिटिकल सायन्स. तीन ठिकाणी इंटरव्ह्यूत टेबलावर माझी डिग्री उलटीपालटी करून पाहिली अन् विचारलं, "हे आपल्याकडं चालते का?" एके ठिकाणी चालत होतं पण मग आकडा सांगितला, तो आमच्या दोन एकराच्या वर जात होता. ज्याला प्रोफेसरच व्हायचं आहे त्यानं मार्कशीटवर पॉलिटिकल सायन्स हे शब्द येतील असा कोर्स पाहावा. अ‍ॅडमिशनच्या आधी पाहावा. सध्या तासिकेवर आहे.

कारंज्याची तूर

2015 ला तूरडाळ 200 रुपये किलोवर गेलती ते सगळ्यांना आठवत असेल. म्हणून 2016 च्या खरिपात जो तो तूर, आम्हीपण, पाऊस साथीला, शेंगा अशा लागल्या की झाड वाकून धुऱ्यावर आलं. अन् भाव बसला. हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5050, बाहेर व्यापारी चार हजारांच्या खाली मागे. 2017 च्या एप्रिलात खरेदी केंद्रावर रांगेत बाबांसोबत मी चार रात्री ट्रॉलीखाली झोपलो, बीए सेकंड इयरचा पेपर उठून तिथूनच द्यायला गेलो. रांग हलत नव्हती कारण बारदाना नव्हता. माल आहे, काटा आहे, माणूस आहे, पोतं नाही.

2019 ला पुण्यात डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीजला लागलो. आफ्रिकेवर टर्म पेपर होता, सगळ्यांनी चीनचे रस्ते-बंदरं घेतले, मला उरलं मोझांबिक. पीडीएफ उघडली तर भारत-मोझांबिक डाळींचा करार, जुलै 2016, पहिल्या वर्षी 1 लाख टन, पाचव्या वर्षापर्यंत 2 लाख टन. जुलै 2016. आमची तूर तेव्हा दोन पानांवर होती. लायब्ररीत बसून मी ते पान तीनदा वाचलं अन् मग जो पेपर लिहिला तो पेपर नव्हता, शिवीगाळ होती. मॅडमनं बी ग्रेड दिला अन् म्हणाल्या आकडे मांड. मांडले. खरं सांगायचं तर आमचा भाव एकट्या मोझांबिकनं पाडला नव्हता, आपलंच पीक बेहिसाब आलं होतं. अन् पुढं वाचलं तर 2017 च्या ऑगस्टात भारतानं तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली, तिकडचा शेतकरी तूर आपल्यासाठीच पेरते, तो स्वतः फार खात नाही, तर त्याचाही माल पडला, त्याचाही भाव गेला.

बाबांना फोनवर सांगितलं. बराच वेळ चूप. मग म्हणे, "मंग त्यायचाही माल पडूनच रायला?"

म्हटलं हो.

"त्यायले बारदाना तं भेटला का?"

याचं उत्तर मला आजपर्यंत कुठल्या रिपोर्टात सापडलं नाही.

ब्रह्मपुरी टू ब्रिटन

परदेशवाल्यांसाठी. चेव्हनिंगला (ब्रिटन सरकारची शिष्यवृत्ती) दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, ते तास मोजतात, 2,800 तास. मी आश्रमशाळेत कंत्राटी होतो, हेडमास्तरांनी पत्रात लिहून दिलं 'होतकरू व मनमिळाऊ'. तास कुठंच नाही. माझं नाही झालं, पत्रामुळंच असं म्हणत नाही, निबंधही कच्चे होते. पुढच्या वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर गेलो. त्याचे कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, बापाच्या नावात काना आहे की नाही, सेतूवाल्याशी माझी दोस्तीच झाली, त्याच्या पोराच्या बारशालाही जेवलो. तिकडं हप्ता वेळेवर आला नाही, घरमालकीणबाईला दर आठवड्याला मेल दाखवायचो की मंजूर आहे, फक्त यायचा आहे. तिला मंजूर अन् येणं यातला फरक समजावणं हे माझं डिप्लोमसीचं खरं प्रॅक्टिकल. तिकडचं एमए एकच वर्षाचं असते, त्यामुळे भाषा शिकेपर्यंत संपते, जाण्याआधी लिहिण्याचा सराव करून जा. युरोपात इरॅस्मस मुंडसही पाहा, महिन्याला 1,400 युरो देतात अन् दोन-तीन देशांत शिकवतात, मला ते फार उशिरा समजलं. आता मुंबईत एका संस्थेत रिपोर्ट लिहितो. पगार भाडं जाऊन उरतो, पण मोजून.

साकोलीची सूनबाई

माझं इग्नूतून एमए पॉलिटिकल सायन्स चालू आहे, आंतरराष्ट्रीय संबंधांचे पेपर त्यातच. असाइनमेंट हातानं लिहावी लागते. डिसेंबरची परीक्षा अन् धानाची मळणी एकाच वेळी येते, म्हणून मी जूनमध्ये जास्त पेपर देते. सासूबाईंना वाटते मी तलाठ्याची परीक्षा देऊन राहिली, मी पण सुधारलं नाही. सध्या संयुक्त राष्ट्रांवरचं वाचून राहिली, व्हेटो म्हणजे नकाराधिकार पाच देशांकडं असते हे वाचून हसू आलं, आमच्या घरी एकटीकडंच आहे.

बारावीतला

दादा-ताई सगळं वाचलं पण पगार किती भेटते ते कोणीच नीट सांगितलं नाही

नेटग्रस्त

@बारावीतला तासिकेवरचा सांगितला तर तू बारावीच सोडशील.

धागावाली

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. माझं थोडक्यात, पाँडिचेरीला केलं, दोन वर्षं भात खाल्ला, पोळीसाठी रडली, आता नागपुरात भाषांतराचं काम करते, त्यात यूपीएससीवाल्या पोरांसाठी पीएसआयआरचे (राज्यशास्त्र अन् आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय) मराठी नोट्स हे सगळ्यात जास्त. मराठीत या विषयाचं धड वाचायला फार कमी आहे हे खरं दुखणं, त्याच्यावर कधी वेगळं लिहीन.

भाचीला सगळं वाचून दाखवलं, तिच्या बापाला तुरीचं तेवढं दोनदा वाचायला लावलं. तिचं ठरलं, सीयूईटी-पीजी (केंद्रीय विद्यापीठांत एमएला जायची प्रवेश परीक्षा) देणार. ज्यांना द्यायची त्यांच्यासाठी, फॉर्म हिवाळ्यात निघतो अन् परीक्षा मार्चच्या सुमारास, म्हणजे हरभरा काढणीत, घरी आत्ताच सांगून ठेवा. अन् दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव आधारशी जुळते का ते पाहून घ्या, तिच्या आधारवर आडनावात एक 'ए' जास्तीचा आहे, उद्या त्याच कामासाठी यवतमाळला जाऊन राहिलो.