सोळाव्या वर्षी पैशाचा अभ्यास कोठून सुरू करावा? सल्ला हवा आहे

धागाकर्ती:

नमस्कार. मी सोळा वर्षांची असून शालेय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात आहे. चक्रवाढ व्याजाचे सूत्र आम्हाला गणितात शिकवले आहे आणि त्यावरची उदाहरणे मी न चुकता सोडवते. परंतु सहा महिन्यांपूर्वी माझ्या दादाने हप्त्यांवर एक लॅपटॉप घेतला, तेव्हा त्या कराराचा कागद हातात आल्यावर माझ्या लक्षात आले की परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवूनही हा कागद मला नीट वाचता येत नाही. कर्ज १२,००० चे आहे, व्याजदर १० टक्के लिहिलेला आहे आणि प्रत्येकी १,१०० चे बारा हप्ते आहेत. वर्षाचे व्याज १,२०० म्हणजे हिशेब बरोबर दिसतो. तरीही मूळ रक्कम दर महिन्याला परत जात असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर का, ही शंका मनातून जात नाही.

लहान मुलांची शिकवणी घेऊन आणि बक्षिसांतून माझ्याकडे थोडे पैसे जमले आहेत. मोठी माणसे ते बँकेत ठेवायला सांगतात, वर्गातील मित्र शेअर घ्यायला सांगतात. पुढील शिक्षणासाठी कदाचित कर्जही काढावे लागेल. या सगळ्यात आधी काय शिकावे, सराव कसा करावा आणि कोणाचे ऐकू नये, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:

तुझी शंका रास्त आहे आणि तुझ्या अभ्यासाची सुरुवात तिथूनच व्हावी असे मला वाटते. मी अनेक वर्षे कर्ज विभागात काम केले आहे. तुझ्या दादाला जो दर सांगितला गेला त्याला आम्ही फ्लॅट रेट म्हणतो. पूर्ण १२,००० वर पूर्ण वर्षाचे व्याज आधीच मोजायचे, ते मुद्दलात मिळवायचे आणि येणाऱ्या १३,२०० ला बाराने भागायचे, अशी ही पद्धत आहे. पण दादाकडे १२,००० वर्षभर राहतच नाहीत. पहिल्या महिन्यात त्याच्याकडे पूर्ण रक्कम असते, शेवटच्या महिन्यात जेमतेम १,००० उरलेले असतात आणि बारा महिन्यांची सरासरी ढोबळमानाने ६,५०० निघते. म्हणजे सरासरी ६,५०० वापरण्याबद्दल तो १,२०० मोजतो आहे. शिल्लक मुद्दलावर दरमहा व्याज आकारण्याच्या पद्धतीने हेच कर्ज मांडले, तर दर महिन्याला जवळजवळ दीड टक्का, म्हणजे वर्षाला सुमारे १८ टक्के पडतो. कागदावरचा १० हा आकडा खोटा नाही. तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

हे स्वतः करून पाहा. स्प्रेडशीटमध्ये पहिल्या ओळीत १२,००० लिही. त्यावर दीड टक्का म्हणजे १८० व्याज, १,१०० मधून ते वजा केल्यावर ९२० मुद्दलात जातात आणि ११,०८० शिल्लक राहतात. अशा बारा ओळी झाल्या की शेवटी शिल्लक शून्याच्या अगदी जवळ येईल. ज्याने हा तक्ता एकदा स्वतःच्या हाताने मांडला, त्याला पुढे कोणत्याही कर्जाचा दर ‘कशावर आणि कधी मोजला जातो’ हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही.

माझ्या मते गुंतवणुकीआधी कर्ज शिकावे. क्रेडिट कार्डाची थकबाकी दरमहा ३ टक्क्यांनी वाढत असेल, तर ऐकायला तो आकडा लहान वाटतो. परंतु व्याजावर व्याज धरून वर्षअखेरीस तो ४२ टक्क्यांच्या वर जातो, आणि दरमहा केवळ किमान रक्कम भरणाऱ्या माणसाचे बहुतेक पैसे व्याजातच जिरतात. खात्रीने ४२ टक्के देणारी गुंतवणूक मला आजवर दिसलेली नाही. म्हणून असे कर्ज न करणे, आणि झालेच तर आधी तेच फेडणे, ही सर्वांत चांगली गुंतवणूक ठरते.

प्रतिसाद २:

मी गणित शिकवते. वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. त्याला चक्रवाढीची दुसरी बाजू जोडते.

आम्ही वर्गात सूत्र शिकवतो, पण त्यातील कालावधीचे महत्त्व मुलांच्या अंगी मुरवायला कमी पडतो, याची मला मनापासून खंत वाटते. त्यासाठी ७२ चा नियम फार उपयोगी आहे. ७२ ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला सुमारे किती वर्षे लागतील ते कळते. हा नियम लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या आपल्या ग्रंथात नोंदवला होता. दर ८ टक्के धरला, तर दुप्पट होण्यास ९ वर्षे लागतात. सोळाव्या वर्षी ठेवलेले १,००० पंचविसाव्या वर्षी २,०००, चौतिसाव्या वर्षी ४,००० आणि असे करत एकसष्टाव्या वर्षी ३२,००० च्या जवळ पोहोचतात. तीच रक्कम चौतिसाव्या वर्षी ठेवली, तर एकसष्टाव्या वर्षी केवळ ८,००० होते. ८ टक्के हा दर येथे केवळ उदाहरणासाठी घेतला आहे, तो मिळेलच असे कोणी सांगू शकत नाही. परंतु सुरुवातीच्या अठरा वर्षांनी शेवटचा आकडा चौपट केला, हे दर कोणताही असला तरी समजून घेण्यासारखे आहे.

हाच नियम उलट्या बाजूनेही वापर. महागाई वर्षाला ६ टक्के असेल, तर १२ वर्षांत किमती दुप्पट होतात, म्हणजेच पेटीत ठेवलेल्या पैशाची क्रयशक्ती निम्मी होते. मोठी माणसे ‘बँकेत ठेव’ म्हणतात ते सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे, पण ठेवीचा दर महागाईपेक्षा कमी असेल तर रक्कम वाढत असतानाही तिची किंमत घटत असते. आणि गुंतवणुकीवरील शुल्काचे टक्केही याच गणिताने वाढतात. ४० वर्षे ७ टक्क्यांनी वाढलेली रक्कम जवळजवळ १५ पट होते. त्यातून दरवर्षी १ टक्का शुल्क गेले आणि ६ टक्केच उरले, तर ती १० पटींच्या थोडी वर थांबते. एका टक्क्याने शेवटच्या रकमेचा जवळपास तिसरा हिस्सा नेलेला असतो.

स्वतःची चाचणी घ्यायची असल्यास अॅनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या अर्थतज्ज्ञांनी तयार केलेले तीन प्रश्न जगभर वापरले जातात. पहिला असा की खात्यात १०० असून दर वर्षाला २ टक्के असेल, तर पाच वर्षांनी १०२ पेक्षा जास्त असतील, बरोबर तेवढेच की कमी? दुसरा, व्याज १ टक्का आणि महागाई २ टक्के असताना वर्षभराने त्या पैशात आजच्यापेक्षा जास्त घेता येईल की कमी? तिसरा, एकाच कंपनीचा शेअर हा शेअरच्या म्युच्युअल फंडापेक्षा सहसा सुरक्षित परतावा देतो, हे खरे की खोटे? तुला तिन्ही येतील असे वाटते. मात्र उत्तराचे कारण घरातील एखाद्या मोठ्या माणसाला समजावून सांग. कच्चे दुवे तिथे उघडे पडतात.

प्रतिसाद ३:

थोडक्यात लिहितो. तीन महिने येणारा आणि जाणारा प्रत्येक पैसा वहीत लिही, पण या काळात स्वतःला सुधारण्याचा प्रयत्न करू नकोस. जसे आहे तसे दिसू दे. शिकवणीचे पैसे आणि बक्षिसाचे पैसे वेगळ्या रंगात लिही. रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञाने, ज्यांना २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, माणूस मनात पैशांची वेगवेगळी खाती उघडतो आणि अनपेक्षित मिळालेला पैसा अधिक सहज खर्च करतो, हे सविस्तर मांडले आहे. तुझ्या वहीत तसे दिसते का ते पाहा. त्यानंतर मिळकतीतील ठरावीक भाग खर्चाच्या आधी बाजूला काढायची सवय लाव.

प्रतिसाद ४:

वरच्या एका मताशी मी थोडी असहमत आहे. कर्ज आधी शिकावे हे मान्य; पण गुंतवणूक पुढे ढकलत राहिल्यास ती तिशीपर्यंत ढकलली जाते, हे मी स्वतःच्या बाबतीत अनुभवले आहे आणि ती वर्षे मला परत मिळणार नाहीत. अल्पवयीन व्यक्तीला बहुतेक ठिकाणी पालकांच्या सहीनेच गुंतवणुकीचे खाते उघडता येते, म्हणून आई-वडिलांना सोबत घेऊन, बुडाली तरी शिक्षणावर परिणाम होणार नाही इतकी लहान रक्कम इंडेक्स फंडात ठेवून पाहा. एकेक शेअर निवडण्याऐवजी संपूर्ण निर्देशांक, म्हणजे बाजाराचा चढउतार मोजणाऱ्या यादीतील सगळ्या कंपन्यांचे शेअर, विकत घेणारा असा फंड सामान्य गुंतवणूकदारांसाठी अमेरिकी फंड व्यवस्थापक जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सुरू केला. कमी शुल्क आणि जोखमीची विभागणी हे त्यामागचे तत्त्व होते. जोखीम विभागण्याचे गणित अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्येच मांडले होते.

रक्कम लहान असली तरी ती घसरताना पाहण्याचा अनुभव कागदावरच्या सरावातून मिळत नाही. ५० टक्के घसरलेली रक्कम मूळपदावर यायला ५० नव्हे, १०० टक्के वाढ लागते, हे वाचणे वेगळे आणि सोसणे वेगळे. पुढील चार-पाच वर्षांत शिक्षणासाठी लागणारे पैसे मात्र शेअर बाजारात मुळीच ठेवू नकोस; ते ठेवीतच असू देत.

प्रतिसाद ५:

कोणाचे ऐकू नये, या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते. माझ्या भाच्याने एका ओळखीच्या मुलाच्या सांगण्यावरून आपले बँक खाते थोड्या मोबदल्यात वापरायला दिले. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरवले गेले, खाते गोठवले गेले आणि त्याला अनेक महिने चौकशीला सामोरे जावे लागले. ज्यांची फसवणूक झाली त्यांच्या दृष्टीने पैसे त्याच्याच खात्यात गेले होते. तुझ्या वयाच्या मुलांना हेरूनच असे विचारले जाते. खाते, कार्ड, पिन किंवा ओटीपी कोणालाही, मैत्रीखातरही, देऊ नकोस.

दुसरे म्हणजे, खात्रीशीर आणि मोठा परतावा हे दोन शब्द एका वाक्यात आले की तिथून उठावे. १९२० मध्ये बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के देण्याचे वचन दिले होते आणि सुरुवातीच्या लोकांना ते खरोखर मिळाले, कारण ते नंतर आलेल्या लोकांच्या पैशातून दिले जात होते. तुझा मित्र ‘मला मिळाले’ असे म्हणेल तेव्हा तो खोटे बोलत असेलच असे नाही; त्याचा अनुभव हा योजना खरी असल्याचा पुरावा होत नाही, एवढेच. सल्ला देणाऱ्याला तू ती गोष्ट घेतल्यावर काय मिळते, हे नम्रपणे पण स्पष्ट विचार.

धागाकर्ती:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तक्ता मांडला आणि बाराव्या ओळीत शिल्लक शून्याच्या अगदी जवळ आली, तेव्हा मी दादाला बोलावून दाखवले. त्याला वाईट वाटले, पण त्याने सगळ्या ओळी वाचल्या. वहीदेखील सुरू केली आहे. आता दोन प्रश्न उरले आहेत. शिक्षण चालू असताना शैक्षणिक कर्जाचे हप्ते नसतात असे ऐकले आहे, मग त्या काळात व्याजाचे काय होते? आणि दादाचे सहा हप्ते भरून झाले आहेत. उरलेले कर्ज एकदम फेडले तर फायदा होईल का?

प्रतिसाद १:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कराराप्रमाणे बदलते, म्हणून सही करण्यापूर्वी ते लेखी घ्यावे. बहुतेक वेळा हप्ता थांबलेला असला तरी व्याज थांबत नाही. १,००,००० वर १० टक्के दराने चार वर्षे काहीच भरले नाही आणि व्याज दरवर्षी मुद्दलात मिळत गेले, तर परतफेड १,४६,४१० पासून सुरू होते. व्याज सरळ पद्धतीने धरून शेवटी मिळवले, तर १,४०,००० पासून. शिकत असतानाच दरवर्षीचे १०,००० व्याज भरत राहिल्यास मुद्दल १,००,००० वरच राहते. काही ठिकाणी हे व्याज शासन भरते. शिवाय कर्जाची रक्कम ठरवताना केवळ अभ्यासक्रमाच्या शुल्काकडेच पाहू नये. त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्यांना सुरुवातीला साधारण किती वेतन मिळते हे त्याच महाविद्यालयाच्या तीन-चार माजी विद्यार्थ्यांना विचारावे आणि त्या वेतनातून हप्ता वजा करून राहणे-खाणे भागते का, हे तुझ्या वहीत मांडून पाहावे. आई-वडील जामीनदार असतील, तर तुझा चुकलेला हप्ता त्यांच्याकडून वसूल होतो, हेही त्यांच्यासोबत बसून बोलावे.

आता दादाचे. तुझ्या तक्त्यातील सहावी ओळ पाहा: शिल्लक ६,२७० च्या आसपास असेल. पुढचे सहा हप्ते ६,६०० होतात. म्हणजे १,२०० पैकी जवळजवळ ८७० व्याज पहिल्या सहा महिन्यांतच गेले आहे आणि आज फेडल्यास फार तर ३३० वाचतील. कराराच्या कागदावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क शोधा. ते त्याहून जास्त असेल, किंवा कर्ज देणारी संस्था उरलेले सहाही हप्ते जसेच्या तसे मागत असेल, तर घाई करू नका. हप्ते वेळेवर भरत राहा. दादाने आज संस्थेकडून कर्ज बंद करण्याची आजच्या तारखेची रक्कम लेखी मागवावी, आणि ती आली की येथे लिही, आपण ताडून पाहू.