पाइप मेनिया हा नशिबाचा खेळ नाही
कुणीतरी म्हटलंय की कोणता तुकडा येणार हे आपल्या हातात नसतं, म्हणून पटावर पाइपचे तुकडे जोडून वाहत्या द्रवाला वाट करून द्यायचे व्हिडिओ गेम नशिबावर चालतात. मला हे अजिबात पटत नाही. 1989 च्या 'पाइप मेनिया'तच (अमेरिकेत लुकासफिल्म गेम्सने तो 'पाइप ड्रीम' नावाने आणला) पुढचे तुकडे बाजूला रांगेत दिसतात. सगळं कसब त्या रांगेत आहे. आत्ता नको असलेला वळणाचा तुकडा टाकून देता येत नाही, कुठेतरी ठेवावाच लागतो. मग तो अशा घरात ठेवायचा, जिथे तीन-चार चालींनंतर प्रवाह वळवायचाच आहे. अधिकच्या चिन्हासारखा तुकडा तर मोक्याच्या जागीच लावा. त्यातून प्रवाह एकदा आडवा आणि एकदा उभा गेला की जादा गुण मिळतात. लावलेला तुकडा बदलता येतो, पण त्यात वेळ जातो आणि मागून प्रवाह येतच असतो.

मोबाइलवरचे, तुकडे जागच्या जागी फिरवायचे खेळ वेगळे. तिथे कडेपासून सुरुवात करा. कडेच्या सरळ पाइपला एकच दिशा शक्य असते, भिंतीकडे तोंड करून चालत नाही. तिथून आतले शेजारी एकेक करून पक्के होत जातात.